अर्धं अंगण उघडंच ठेवा

“ताई, पुढच्या अंगणावर सगळीकडे पत्रा टाकून घ्यायचा म्हटलं तर किती होतील?” शिमगा सरला की मला येणाऱ्या फोनांची सुरुवात बहुतेक अशीच होते. मी रत्नागिरी जिल्ह्यात घरदुरुस्तीची आणि वाढीव बांधकामाची छोटी कामं घेते. कुणाकडे मे महिन्यात मुंबईकर मंडळी उतरणार असतात, कुणाकडे मुंज असते, कुणाच्या पडवीत गेल्या पावसात झड पार दारापर्यंत आलेली असते. अंगण थोडं पुढे सरकवायचं आणि त्यावर आडोसा करायचा, एवढीच गरज. खर्च मात्र बेताचा हवा.

मी उलट विचारते, तुम्हाला ऊन अडवायचंय की पाऊस? उत्तर येतं, “दोन्ही.” खर्च फुगायला इथूनच सुरुवात होते. ऊन अडवायला वजन लागत नाही, उतार लागत नाही, एखादं भोक असलं तरी बिघडत नाही. पाऊस अडवायचा तर उतार, पन्हळ, पक्के खांब, खांबांखाली काँक्रीट हे सगळं ओघाने येतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही कामं अख्ख्या अंगणावर करायची गरज जवळपास कुठल्याच घराला नसते.

आपल्या जुन्या घरांनी हा हिशेब आधीच करून ठेवलाय. पडवीवर कायमचं छप्पर. अंगणावर दिवाळीनंतर मांडव घालायचा, तो मृग लागायच्या आत उतरवायचा. माझं म्हणणंही एवढंच आहे: पावसाचं छप्पर घरालगतच्या पाच-सहा फुटांच्या पट्ट्यापुरतं करा, उरलेल्या अंगणावर फक्त उन्हाळ्याची सावली घाला. पैसे वाचतात हे एक कारण. शिवाय अंगणाला ऊन लागतंच. आमसुलं, फणसपोळी, सांडगे कुठे वाळवणार? तुळशीला ऊन कुठून मिळणार? अंगण कायमचं झाकलं की माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

आधी जमिनीबद्दल. अंगण वाढवायचं म्हटलं की लोक थेट सिमेंटच्या कोब्याकडे वळतात. माझं मत त्याच्या विरोधात आहे. कोबा दुपारी तापतो आणि संध्याकाळी ती धग घराकडे फेकत राहतो, पावसाचं पाणीही जिरू देत नाही. त्यापेक्षा वाढीव भागाच्या कडेला जांभ्याचे चिरे उभे पुरून हद्द बांधा, आत मुरूम टाका, पाणी मारून धुमसाने चांगला ठोका. खाणीवर तुटके चिरे पडलेले असतात, ते अख्ख्या चिऱ्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. त्यांची सपाट बाजू वर करून बसवले आणि फटींत बारीक चिरेमाती भरली, की वर्षानुवर्षं टिकणारी फरसबंदी होते. ज्यांना सारवायचा उरक आहे त्यांनी नुसती चोपलेली भुई ठेवावी, तिच्याइतकं थंड काही नाही. काहीही करा, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवा, दहा फुटांत साधारण दोन इंच. हा उतार चुकला तर वर कितीही छप्पर घाला, जोत्यात ओल जाणारच.

आता सावली. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मध्यान्हीला सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर असतो. तेव्हाचं ऊन वरचा मांडव अडवतो. त्रास देतं ते तीननंतरचं पश्चिमेचं ऊन, ते मांडवाखालून तिरपं आत शिरतं. म्हणून मांडव दोन फूट मोठा करण्यापेक्षा पश्चिमेच्या बाजूला एक उभा आडोसा जास्त कामाला येतो. बांबूची ताटी टांगा, नाहीतर जुनी चटई. मधुमालतीचा वेल चढवला तर उत्तमच. पडवळ-घोसाळ्याचे वेल पावसात वाढतात, ऐन वैशाखात त्यांचा उपयोग नाही. वेल बारमाही हवा.

मांडवाचा खरा कोकणी प्रकार पोफळीच्या खांबांचा आणि झापांचा. गुहागरकडच्या एका वाडीत एका आजींना झाप विणताना मी बराच वेळ बघत बसले होते. झावळ आधी पाण्यात भिजवून नरम केलेली. दांडा मधोमध उभा चिरला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि पातीतली एकाआड एक पात उलटी दुमडून शेजारच्या पातींच्या खालून-वरून काढत न्यायची. टोकाशी आल्यावर शेवटच्या पातींची गाठ. आजींचं बोलणं चालू होतं, नजर रस्त्यावर होती आणि हात आपोआप चालले होते. असे झाप एकमेकांवर चढवून सुंभाने बांधले, की खालून वारा खेळतो आणि सावली गार पडते. ज्याच्या घरी माड आहेत त्याला सामानाचा खर्च जवळपास नाहीच, मजुरी तेवढी. पण झाप सुकला की झटकन पेट घेतो. त्याच्याजवळ चूल नको, फटाके नकोत, विजेची उघडी वायर तर मुळीच नको.

झाप विणणारे हात आता कमी झालेत, म्हणून बहुतेकांची धाव हिरव्या जाळीकडे असते. जाळी घ्यायला हरकत नाही, पण नीट बघून घ्या. दुकानात ती टक्क्यांवर मिळते. ५० टक्के म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, ती रोपांना ठीक. माणसांना बसायला ७५ टक्क्यांची लागते. ९० टक्क्यांची घेतली तर सावली दाट मिळते, पण ती वाराही जास्त अडवते. अतिनील किरणांना टिकणारी आहे का, हे विचारूनच घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत तिची भुकटी हाताला लागते.

जाळी ताणून चारी बाजूंनी कायमची बांधून टाकण्यापेक्षा ती सरकती करा, असं मी प्रत्येकाला सांगते. पद्धत साधी आहे. अंगणाच्या दोन टोकांना खांब उभे करायचे आणि त्यांच्यामध्ये चार-चार फुटांवर चार मिलिमीटर जाडीच्या जस्ताच्या तारा ओढायच्या. तार ताणायला टर्नबकल लावायचा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. जाळीच्या कडेला दुहेरी पट्टी शिवून तिला कड्या लावायच्या आणि कड्या तारेत ओवायच्या. झाला वर टांगलेला पडदा. सकाळी वाळवणाच्या वेळी जाळी एका बाजूला गोळा करा, अकरा वाजता पुढे ओढा, रात्री चांदणं हवं असेल तर पुन्हा मागे. मे अखेरीस कड्यांसकट काढून घडी घालून माळ्यावर टाकली की तिचं आयुष्यही वाढतं. एक सांभाळा: तारेचं टोक घराच्या वाशाला बांधू नका. ताणलेली तार वाशाला सारखी खेचत राहते आणि वरची कौलं सरकतात.

पावसाचा पट्टा मात्र घाईने करण्याजोगा नाही. आधी उतार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही वाऱ्यासोबत. पन्हाळी पत्र्याला मी फुटाला दोन इंच उतार देते. आता गणित करून बघा. पडवीची वळचण आठ फुटांवर आहे असं धरू, जुन्या घरांत ती याहूनही खाली असते. सहा फुटांच्या पट्ट्याला एक फूट उतार लागला, म्हणजे पुढची कड सात फुटांवर आली, माणूस ताठ उभा राहतो. बारा फूट पुढे गेलात तर कड सहा फुटांवर येते, डोकं आपटतं. मग कारागीर उतार कमी करतो, आणि आषाढात पत्र्यांच्या जोडातून पाणी मागे चढून घरात गळायला लागतं. नवा पत्रा जुन्या कौलांच्या वळचणीखाली निदान नऊ इंच आत सरकवावा.

मंगलोरी कौलं घालायची हौस अनेकांना असते. ती देखणी आहेतच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती या किनाऱ्यावर रुळली. पण त्यांना पत्र्याहून बराच जास्त उतार लागतो, शिवाय ती वजनाला जड, म्हणजे खालचं लाकूड किंवा लोखंड वाढलं. जुनं घर पाडणाऱ्याकडून कौलं स्वस्तात मिळाली तरी सांगाडा स्वस्त होत नाही. आणि वानरांचं टोळकं ज्या वाडीत फिरतं, तिथे दर पावसाआधी फुटकी कौलं बदलायची तयारी हवी.

पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा उजेडासाठी चांगला, पण सगळा तोच घातला तर खाली भट्टी होते. चार-पाच साध्या पत्र्यांत एखादा पारदर्शक पुरतो. त्याच्या एकाच अंगाला किरणरोधक थर असतो, ते अंग वर यायला हवं. तो उष्णतेने फुगतोही. तीन मीटरचा पत्रा तीस अंशांच्या फरकाला सहा मिलिमीटरच्या आसपास लांबतो, म्हणून स्क्रूचं भोक थोडं मोठं ठेवतात. माडाखाली हा पत्रा घालूच नका, नारळ पडला की गेला. आणि जुने सिमेंटचे ऍस्बेस्टॉस पत्रे कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. ते कापताना, भोकं पाडताना उडणारे तंतू फुप्फुसांच्या कर्करोगाला कारण ठरतात, हे वैद्यकाने सिद्ध केलेलं आहे.

सांगाड्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि ग्राहक सगळ्यात कमी लक्ष तिथेच देतो. फॅब्रिकेटर दर सांगतो चौरस फुटावर. या दरात तो पातळ पाइप वापरून सुटू शकतो. म्हणून दर ठरण्याआधीच पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. दोन इंची चौकोनी, दोन मिलिमीटर जाडीचा वीस फुटी पाइप साधारण अठरा किलो भरतो. तोच जर बारा-तेरा किलोच भरला तर तो पातळ आहे, इतकं सोपं आहे. वजनकाट्याची पावती मागायला संकोच करू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत पाइपची उघडी तोंडं झाकून घेणं आणि प्रत्येक वेल्डिंगवर प्राइमर मारणं यात हयगय नको. गंज आतून आणि जोडापासूनच सुरू होतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडचीही त्यात दैना झाली. त्यानंतर मी ज्या मोडलेल्या शेड बघितल्या, त्यांतल्या अनेकींचे पत्रे फाटले नव्हते. सबंध सांगाडाच खांबांसकट उचलून बागेत जाऊन पडला होता. तिन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छप्पर वर ढकलतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा चौरस मीटरला पंचेचाळीस ते पन्नास किलोपर्यंत रेटा देऊ शकतो. बारा बाय वीस फुटांच्या छपराला म्हणजे जवळपास एक टन, आणि त्या छपराचं स्वतःचं वजन सांगाड्यासकट तीन-साडेतीनशे किलो. उरलेला भार जमिनीने धरून ठेवायचा असतो. चार बोल्टांवर फरशीवर उभा केलेला खांब तो धरू शकत नाही. दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर एका खांबाखाली तीनशे किलोचं वजन बसतं. सहा फुटांचा पट्टा केला तर हा रेटाही निम्म्यावर येतो, म्हणजे तेवढंच काँक्रीट दुप्पट भरवशाचं होतं.

जांभ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकून त्यावर छपराचा भार देणं मी टाळते. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात बोल्ट वर्षा-दोन वर्षांत सैल होतो. भिंतीलगत स्वतंत्र खांब घ्यावेत. दोन-तीन खांबांचा खर्च वाढतो, पण तो वाचवण्याजोगा नाही. वाचवायचंच असेल तर लांबी कमी करा.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत विचारून या. मांडव ही हंगामी गोष्ट, पण खांब रोवून कायमचं छप्पर केलं की परवानगीचा आणि घरपट्टीचा प्रश्न येतो. आणि पागोळी कुठे पडते ते बघा. तुमच्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडलं तर सख्ख्या भावाभावांत कज्जे सुरू होतात, आमच्याकडच्या वाड्यांना हे नवीन नाही. कडेला पन्हळ लावा आणि पाणी आपल्याच माडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. सहा बाय वीस फुटांच्या पट्ट्यावर एका पावसाळ्यात तीस हजार लिटरहून जास्त पाणी पडतं.

आणि फोन शिमग्यानंतर करू नका. दिवाळी झाली की करा. तेव्हा कारागीर मोकळे असतात, जमिनीत ओल असल्याने खड्डे सहज खणले जातात, आणि काँक्रीटला पाणी मारायला विहिरीत पाणीही असतं.