मोबाईलच्या जीपीएसने शेतमोजणी: कुठे उपयोगी, कुठे धोक्याची?

मोबाईलमधील जीपीएस सुरू करून बांधाने एक फेरी मारली की शेताचे अंदाजे क्षेत्र कळते. बियाणे, खत आणि फवारणीच्या औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी एवढा अंदाज पुरतो. ई-पीक पाहणीतही पिकाच्या फोटोसोबत हेच स्थान नोंदवले जाते.

अमेरिका पूर्वी नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक ठेवत असे. स्थानात १०० मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० रोजी ती बंद झाली. आता मोकळ्या आकाशाखाली मोबाईलमध्ये साधारण ५ मीटरचा फरक राहतो. दाट झाडाखाली किंवा डोंगरालगत तो वाढतो.

एक गुंठा म्हणजे सुमारे १० बाय १० मीटर जागा. तिथे ५ मीटरची चूक म्हणजे निम्मी रुंदी! म्हणून लहान किंवा अरुंद तुकड्यांत विशेष जपा.

काय करावे?
- फेरी दोन-तीन वेळा मारून सरासरी घ्या.
- मोबाईलच्या नकाशावरून बांध सरकवू नका, कुंपण घालू नका, जमिनीचा व्यवहार ठरवू नका.
- हद्दीबाबत शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. हद्दीच्या खुणा तेथील मोजणीनेच ठरवून घ्या.