विटांचा जुना खेळ

माझ्या मामाकडे हातातला जुना व्हिडिओ गेम आहे. मामा लहानपणी त्यावर टेट्रिस खेळायचा, अजूनही खेळतो. का बरे?

हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी बनवला. त्यात विटांचे आकार सातच. प्रत्येकात चार चौकोन. वरून पडणारी वीट फिरवून नीट बसवायची. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. फटी राहिल्या की ढीग वर चढतो अन् खेळ संपतो.

नियम सोपे, पण विटा भराभर पडू लागतात. म्हणून हरलो तरी ‘अजून एकदाच’ वाटते.

२०२३ साली अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने १९८९ सालचा टेट्रिस इतका खेळला, की गेमच अडकून पडला! मी अजून मामालाच हरवले नाही. पण हरवणारच!

– इयत्ता ४ थी