वणी ते अमरावती : विद्यापीठाच्या ऑनलाइन कामांबद्दलचे सात गैरसमज

वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी असो, की मारेगाव, झरी-जामणीच्या गावांतून एसटीने वणीला येणारी विद्यार्थिनी, त्यांच्या गुणपत्रिकेवर नाव असते ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आहेत. वणी त्यांच्या अगदी आग्नेय टोकाला. शेजारचे चंद्रपूर तासा-दीड तासावर, पण ते २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. आपली अमरावती मात्र रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास.

एकेकाळी गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर अख्खा दिवस आणि घरच्यांची एक दिवसाची मजुरी जायची. आता परीक्षेचा फॉर्म, फी, हॉल तिकीट, निकाल, शिष्यवृत्ती हे बहुतेक सारे मोबाइलवर आले आहे. सोय मोठी आहे. पण तिच्याबरोबर ऐकीव गोष्टीही आल्या आणि त्या ऐकून मुलांचे नुकसान होते. म्हणून त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : वणी लांब आहे, म्हणून विद्यापीठाची साइट इथे हळू चालते.

वस्तुस्थिती : ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दोनशे किलोमीटरला त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. केबल वळसा घेऊन मुंबईमार्गे गेली तरी फरक काही हजारांश सेकंदांचाच. निकालाच्या दिवशी साइट अडते ती गर्दीमुळे. पाच जिल्ह्यांतले विद्यार्थी एकाच वेळी आपला क्रमांक टाकतात आणि सर्व्हरला प्रत्येकाचा निकाल शोधून द्यावा लागतो. तेव्हा अमरावतीच्या विद्यार्थ्यालाही तेच फिरणारे चक्र दिसते. पान वारंवार रिफ्रेश केले की प्रत्येक वेळी नवी मागणी जाते आणि गर्दी वाढते. रात्री उशिरा किंवा पहाटे पाहावे. गावात टॉवरच कमजोर असेल, तर तो प्रश्न मोबाइल कंपनीचा आहे, विद्यापीठाचा नाही. दोन्ही तक्रारी वेगळ्या, त्यांची दारेही वेगळी.

गैरसमज २ : खात्यातून पैसे कापले गेले, म्हणजे फॉर्म भरला गेला.

वस्तुस्थिती : पैसे कापणे हे बँकेचे काम, फॉर्म स्वीकारणे हे विद्यापीठाच्या प्रणालीचे. मधे पेमेंट गेटवे असतो. नेट मधेच तुटले, तर बँकेकडून रक्कम निघते पण विद्यापीठाकडे नोंद होत नाही. पावती हाती आली आणि अर्जाची स्थिती पूर्ण दिसली, तरच फॉर्म भरला असे समजावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्डाने किंवा यूपीआयने केलेल्या ऑनलाइन खरेदीत रक्कम कापली गेली पण समोरच्याकडे पोचल्याची पुष्टी झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. म्हणून घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या आणि महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला दाखवा. एवढ्यासाठी तरी शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.

गैरसमज ३ : बँकेत आधार लिंक केले, आता शिष्यवृत्ती येणारच.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त मुले इथेच अडकतात. खात्याला आधार जोडणे वेगळे आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात यावी म्हणून केलेले आधार सीडिंग वेगळे. एका आधारमागे रक्कम येण्यासाठी एकच बँक नोंदलेली असते आणि ती शेवटी सीडिंग केलेली बँक असते. समजा, मुलीचे खाते वणीच्या एका बँकेत आहे. मधे दुसऱ्या योजनेसाठी तिने दुसऱ्या बँकेत खाते उघडून सीडिंग केले. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्तीची रक्कम आता त्या दुसऱ्या खात्यात जाईल आणि ती पहिलेच पासबुक भरून घेत राहील. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते, मग रक्कम जमा होण्यात अडचण येऊ शकते. कोणती बँक नोंदलेली आहे, हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

दुसरी गोष्ट अशी की, अर्ज सादर केला म्हणजे काम संपत नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो आणि तपासणीनंतर संबंधित विभागाकडे. त्रुटी असेल तर तो विद्यार्थ्याकडेच परत येतो. लॉगिन उघडून पाहिले नाही, तर अर्ज तिथेच पडून राहतो आणि मुदत निघून जाते. पंधरा दिवसांतून एकदा तरी स्थिती पाहावी.

गैरसमज ४ : डिजिलॉकरमधली गुणपत्रिका म्हणजे नुसती झेरॉक्स.

वस्तुस्थिती : डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारची कागदपत्रे असतात. आपण फोटो काढून टाकलेला कागद खरोखर नुसता फोटोच असतो. पण बोर्डाने, विद्यापीठाने किंवा सरकारी खात्याने स्वतः दिलेला, म्हणजे ‘इश्यूड’ विभागात दिसणारा कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या डिजिटल लॉकर नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे.

याच व्यवस्थेला जोडलेली, विद्यार्थ्याने अभ्यासक्रमांत मिळवलेली क्रेडिट्स साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली. तिचा आयडी काढायला शुल्क नाही. त्यात क्रेडिट विद्यार्थी भरत नाही, संस्था भरते. खरी अडचण नावाची असते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी, आणि कुठे वडिलांच्या नावाचे एखादे अक्षर वेगळे. त्यामुळे नोंदी जुळत नाहीत. आधार, टीसी आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून प्रवेशाच्या वेळीच स्पेलिंग तपासा. अंतिम वर्षात केलेली दुरुस्ती फार महागात पडते.

गैरसमज ५ : ऑनलाइन मूल्यांकनात संगणकच पेपर तपासतो.

वस्तुस्थिती : वर्णनात्मक उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन मूल्यांकनात उत्तरपत्रिका स्कॅन होते आणि शिक्षक ती पडद्यावर वाचून गुण देतात. संगणक बेरीज करतो, एखादे उत्तर तपासायचे राहिले तर दाखवतो. तयारी न करता ही पद्धत आणली तर काय होते, हे मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. निकाल महिनोन् महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावे लागले. दोष यंत्राइतकाच घाईचाही होता.

गुणांबद्दल शंका असेल, तर हात बांधलेले नाहीत. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा.

गैरसमज ६ : चांगले ग्रंथालय अमरावती-नागपूरलाच, वणीत बसून काय मिळणार?

वस्तुस्थिती : शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही योजना आहे. सदस्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते आणि ई-पुस्तके घरून उघडता येतात. स्वयम् या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. आपल्या ग्रंथपालांकडे जाऊन ‘सर, माझे एन-लिस्टचे लॉगिन द्या’ एवढे विचारायचे आहे.

गैरसमज ७ : फॉर्म कॅफेवाले भाऊ भरतात, मग नंबर आणि पासवर्ड त्यांचाच असला तरी चालतो.

वस्तुस्थिती : नेट कॅफे आणि सेतू केंद्रांनी वणी परिसरात मोठी मदत केली आहे, आणि घरी संगणक नसलेल्यांना ती लागणारच. पण नोंदणीला दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक दिला, की पुढची तीन वर्षे प्रत्येक ओटीपी त्या फोनवर जातो. तो भाऊ बाहेरगावी गेला, त्याने सिम बदलले, की विद्यार्थ्याचे लॉगिनच बंद. फॉर्म कोणीही भरून देवो, मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड स्वतः ठरवा, ओटीपी स्वतः टाका आणि निघताना लॉगआउट करा. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाका, असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

या सातही गोष्टींतून एकच निष्कर्ष निघतो. वणीचे अंतर आता आड येत नाही. नाव, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड यांवर विद्यार्थ्याचा स्वतःचा ताबा नसणे, हेच आड येते. तो ताबा मिळवून देणे ही महाविद्यालयांचीही जबाबदारी आहे. २०१६ च्या अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ ठेवले आहे, म्हणजे तांत्रिक मदत हा उपकार नाही, ती व्यवस्थेचा भाग आहे. वणी, मारेगाव, झरीच्या प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस फक्त यासाठी ठेवावा. नावाचे स्पेलिंग, आधार सीडिंग, डिजिलॉकर आणि स्वतःचा पासवर्ड ही चार कामे त्या दिवशी झाली, तर पुढची तीन वर्षे आपल्या मुलांच्या हक्काचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचतील.