जुन्या मालमोटारीस व्हिनाइलचे आवरण घालावे काय?

माल बाजारी नेणाऱ्या जुन्या गाडीचा रंग विटला की तिला व्हिनाइलचे चकचकीत आवरण घालण्याचा मोह होतो. परंतु हा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा गंज थांबवीत नाही, केवळ झाकतो. म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम गाडी धुवून वाळवावी. रंगावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर पोपडे निघाल्यास आवरणाचा बेत सोडावा व तोच पैसा गंज खरवडून प्रायमर आणि रंग देण्यास लावावा. रंग पक्का असल्यास दर्शनी भागास आवरण पुरे. मालाने घासणाऱ्या हौद्यास ते टिकत नाही. नोंदणीपत्रात रंग नमूद असतो; तो बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. ब्रेक, टायर व सांगाडा सुस्थितीत असल्याखेरीज मात्र साजशृंगारावर पैही खर्चू नये.