आता ‘थांब’ कोणी म्हणायचे?

सैन्यात वाहनचालकाला थांबण्याचा हुकूम मिळतो, वार्षिक वैद्यकीय तपासणीही चुकत नाही. निवृत्तीनंतर भिवापूरची मिरची घेऊन ट्रक चालवणाऱ्या माजी सैनिकाला मात्र ‘थांब’ म्हणणारा अधिकारी उरत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत असे. पण रात्रीच्या महामार्गावर त्याची आठवण कोण देणार? वाचकहो, ते काम घरच्यांचे. निघण्यापूर्वी झोप पुरी झाली का, हे विचारावे. रक्तदाब, साखर आणि दृष्टी यांची तपासणी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये नियमित करवून घ्यावी. तो गाडी चालवत असताना फोन करू नये. थांबल्यावर त्यानेच करावा, असे ठरवून ठेवावे.