हार्ड डिस्कमधले ६९ जीबी जातात कुठे?

अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेरच्या दुकानातून १ टीबीची हार्ड डिस्क आणा आणि विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडा. पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. दुकानदारानं फसवलं, असा पहिला संशय येतो. डिस्कवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. जीबीच्या शेजारीच बाइटचा पूर्ण आकडा असतो आणि तो एक लाख कोटींच्या घरात असतो. म्हणजे माल पुरेपूर आहे, फक्त मापं दोन आहेत. दशमान वजनं येण्याआधी बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर चालत, तसे कॉम्प्युटरमध्ये दोन ‘किलो’ आहेत: एक १००० चा, दुसरा १०२४ चा.

हा १०२४ आला मेमरीच्या रचनेतून. मेमरीतल्या प्रत्येक खणाला क्रमांक लागतो आणि तो शून्य-एकच्या बिटांनी लिहावा लागतो. दहा बिटांत १०२४ खणांना क्रमांक देता येतात. एक बिट वाढवला की खण दुप्पट. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला. त्याच्या मेमरीत २०४८ ‘शब्द’ म्हणजे तेवढेच खण होते, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. पवईच्या आयआयटीत, सोव्हिएत मदतीतून उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत, साठच्या दशकात ‘मिन्स्क-२’ हा कॉम्प्युटर आला. त्यात ४०९६ शब्द, प्रत्येकी ३७ बिटांचे. आठ बिटांचा एक बाइट धरला तर ही सगळी मेमरी भरते १८,९४४ बाइट. १००० नं भागा, १८.९४४ येतात, १०२४ नं भागा, बरोब्बर १८.५. एवढ्याशा फरकासाठी कोण वाद घालणार? इंजिनिअरांनी १०२४ लाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली आणि ते रूढ झालं.

पण हा फरक प्रत्येक पायरीवर वाढत जातो. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १० टक्के. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. अ‍ॅपलनं २००९ पासून मॅकवर सरळ १००० चा हिशेब धरला. विंडोज मात्र अजूनही भागतं १०२४ नं आणि लिहितं ‘जीबी’. माझ्या मते खोक्यावरचा आकडा बरोबर आहे, चूक पडद्यावरच्या नावात आहे. तिथे ‘गिबीबाइट’ लिहिलं तर निम्मी भांडणं मिटतील. रॅमचं मात्र उलट आहे: ८ जीबीची रॅम आजही १०२४ च्याच मापानं भरते, कारण तिथे खणांचे क्रमांक आलेच.

इंटरनेटवाल्यांचा हिशेब आणखी वेगळा. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं, तर तो आकडा बिटांचा असतो. आठानं भागलं की सेकंदाला १२.५ मेगाबाइट उरतात. १ जीबीचा सिनेमा उतरायला सगळं सुरळीत असतानाही ८० सेकंद लागणारच. कस्टमर केअरला फोन करण्याआधी एवढा भागाकार करावा.

आणि मराठीचा हिशेब तर करायलाच हवा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा स्वतंत्र चिन्हं. ‘मुलुंड’ म्हणजे म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड: सहा चिन्हं, १८ बाइट. रोमन लिपीत तेच नाव सहा बाइटांत बसतं. एसएमएसला एकूण १४० बाइटांचीच जागा असते. तिथे रोमन अक्षरं सात-सात बिटांत बसवली की १६० मावतात, देवनागरी चिन्हाला सोळा बिट लागतात म्हणून ७० च. जागा महाग होती तेव्हा अनेकांनी मराठी रोमन लिपीत लिहिलं. आज त्या काटकसरीला काही कारण उरलेलं नाही. मोबाइलच्या १ जीबीत देवनागरीची ३३ कोटींहून जास्त चिन्हं मावतात.