टॅगवर पाच आहे

सकाळी 7:10. एडिसन, न्यू जर्सी. गोदामात सिझर लिफ्ट उभी आहे. दिवसाचं भाडं 190 डॉलर, चढा नाहीतर नुसती बघत बसा. ताई मूळच्या सांगलीच्या, इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर. पिशवीत टेप, कॅलिपर, टॉर्च, तारेचा ब्रश. छतावरचं 1,100 पौंडांचं एसी युनिट काढून तिथेच 1,900 पौंडांचं बसवायचंय. मालक म्हणतो, तिथे आधीही होतंच की.

7:40. नकाशा 1974 चा. जॉइस्टपुढे लिहिलंय 20 एच 6. खोली 20 इंच, एच मालिका, 6 हा कॉर्डचा क्रमांक. आताची के मालिका 1986 ची. तिचा तक्ता या जुन्या मालाला लावायचा नाही, त्या काळचाच शोधायचा.

8:20. लिफ्ट वर जाते. वर-खाली अँगलच्या जोड्या म्हणजे कॉर्ड, मधे नागमोडी गज. टोकाचा टॅग रंगाखाली गेलाय. ताई ब्रशने घासतात, मग नखाने खरवडतात. 20 एच 5. शेजारच्यावरही पाचच. म्हणजे कॉर्ड हलकी. कॅलिपर लावतात, अँगलची जाडीही पाचाचीच. माल बदलला, नकाशा कुणी बदलला नाही. हे नेहमीचंच.

10:00. खालच्या कॉर्डला स्प्रिंकलरचा पाइप लटकतोय. तोही नकाशात नाही. वहीत जातो. लिफ्ट चालवणाऱ्या पोराला तासाला 24 डॉलर, तो फोनवर मॅच बघतोय.

11:15. छतावर खडूने खुणा. युनिटचे चार कोपरे सारखे नसतात: 390, 420, 530, 560 पौंड. कंप्रेसरची बाजू जड, आणि ते दोन्ही कोपरे एकाच जॉइस्टवर येतात. 560 वाला तर गज जिथे कॉर्डला मिळतो, त्या सांध्यापासून 11 इंच लांब. सांध्यावरचा भार गज घेतात. मधे ठेवला की वरचा अँगल एकटाच वाकतो. शंभरेक पौंड चालवून घेतात. 560 नाही.

12:30. गाडीत पोळी-भाजी.

1:30. हिशेब. गाळा 34 फूट, जॉइस्ट दर 5 फुटांवर. चौरस फुटाला छताचं 15 आणि बर्फाचं 20 पौंड. म्हणजे जॉइस्टवर 5,950, अधिक जुन्या युनिटचे 550. आता त्या 550 च्या जागी 1,090. वाढ 8 टक्क्यांवर जाते. संहिता 5 टक्क्यांपर्यंतच डोळेझाक करते. तक्ता सारख्या पसरलेल्या भाराचा, म्हणून कोपऱ्यांचा हिशेब हातानेच करावा लागतो. युनिटची बाजू 15 फुटांहून लहान, त्यामुळे कडेला साचणाऱ्या बर्फाचा हिशेब तेवढा वाचला.

4:40. सहाला जमलं असतं, पाचाला जमत नाही. पत्रात दोन गोष्टी: युनिट गाळ्याच्या मध्यावरून भिंतीकडे 8 फूट सरकवा, आणि सांधा चुकवणाऱ्या प्रत्येक कोपऱ्याखालून खालच्या सांध्यापर्यंत नवा अँगल वेल्ड करा. वेल्डर तासाला 65 डॉलर, अर्ध्या दिवसाचं काम.

मालकाचा फोन येतो. शनिवारची क्रेन बुक आहे.

"रद्द करा," ताई सांगतात.